उद्या कोणता मासा?

नाथसागराच्या काठी एक म्हातारा भोई राहत होता. पैठणच्या धरणामागे जे अफाट पाणी पसरलं आहे, तोच हा नाथसागर. संत एकनाथांच्या गावाजवळचं पाणी, म्हणून त्याला त्यांचं नाव मिळालं. काठावर उभं राहिलं तर कित्येक ठिकाणी पलीकडचा काठ दिसत नाही. वारा सुटला की लाटा उठतात आणि लहान होडीला घराकडे वळावं लागतं.

या म्हाताऱ्याची एक रीत होती. दुपारचं जेवण झालं की तो अंगणात बसायचा. वारा कुठून येतो ते बघायचा, पाणी किती चढलं की उतरलं ते बघायचा, आणि उद्या कोणता मासा धरायचा ते ठरवायचा. ठरलं की त्या माशाचं जाळं तेवढं खुंटीवरून काढायचा. बाकीची जाळी जागेवरच राहायची. दिवस मावळताना तो जाळं लावून यायचा आणि पहाटे जाऊन उचलायचा.

काठावरच्या इतरांना याचं नवल वाटे. ते म्हणत, "पाण्यावर काय नावं लिहून ठेवलीत का? जाळं टाकावं, येईल ते आपलं."

म्हातारा वाद घालत नसे. ऊन तापायच्या आत त्याची होडी काठाला लागलेली असे. होडीत एकाच जातीचे, जवळपास एकाच मापाचे मासे असत. इतर लोक दहा-अकरा वाजेपर्यंत जाळ्यांचा गुंता सोडवत बसलेले असत.

काहींना वाटे, म्हाताऱ्याला काही मंत्र येतो. मंत्र वगैरे काही नव्हता. त्याला पाण्याखालची जमीन ठाऊक होती, एवढंच. 1965 साली या धरणाची पायाभरणी झाली तेव्हा पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आले होते. 1976 साली धरण सुरू झालं. शंभराहून जास्त गावं पाण्यात गेली आणि लोकांना उठून दुसरीकडे घरं बांधावी लागली. म्हातारा तेव्हा लहान पोरगा होता. आज जिथे तो वल्हं मारत होता, तिथे त्याने शेळ्या राखल्या होत्या. ओढा कुठे होता, बांध कुठे होता, बाभळीचं बन कुठे होतं, हे सगळं त्याच्या पायांना माहीत होतं.

एका वर्षी दिवाळी झाल्यावर त्याच्याकडे त्याचा भाचा आला. भाचा शहरात, म्हणजे संभाजीनगरला, एका कारखान्यात कामाला होता. काम सुटलं. दुसरं मिळेना. आईने सांगितलं, मामाकडे जा, काही शिकून घे.

मामाने त्याला ठेवून घेतलं. मामीने ताट वाढलं. जेवण झाल्यावर मामाने विचारलं, "उद्या कोणता मासा धरायचा?"

भाचा म्हणाला, "जो घावंल तो. चार जाळी हायेत ना तुमच्याकडं? चारी लावू. एकात न्हाई तर दुसऱ्यात येईल."

मामा म्हणाला, "बरं. उद्याची होडी तुझी. मी नुसतं वल्हं मारतो."

भाच्याने चारही जाळी होडीत भरली. त्यात एक जड जाळं होतं. त्याच्या खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या होत्या आणि ते तळाला बसायचं. एक हलकं होतं. त्याला वर थर्माकोलचे तुकडे बांधलेले होते आणि ते पाण्याच्या वरच्या थरात तरंगायचं. एक मधल्या पाण्यात लावायचं. आणि चौथं बारक्या घरांचं, तंगुसाचं, ज्यातून बोटसुद्धा जाणार नाही. ते मामा फार कमी काढायचा. त्यात तो काठाची बारीक मासळी धरायचा, तीही घरच्या कालवणापुरती.

भाच्याला चारही एकाच ठिकाणी लावावीशी वाटली. जागा त्यानेच निवडली. पाणी शांत दिसत होतं म्हणून निवडली. मामा बोलला नाही.

पहाटे दोघे गेले. जड जाळं वर येईना. खाली बाभळीची खोडं होती, जाळं त्यांत अडकलं होतं. ओढता ओढता अर्धं फाटलं. तरंगतं जाळं रात्रीच्या वाऱ्याने सरकून मधल्या जाळ्यात गेलं होतं आणि दोन्हींची मिळून एक दोरी झाली होती. बारक्या घरांचं जाळं मात्र भरून आलं होतं. भाचा खूश झाला. उन्हं वर येईपर्यंत तो एकेक मासा सोडवत बसला. हातांना चिरा पडल्या. संध्याकाळपासून जाळ्यात मेलेले मासे मऊ पडायला लागले. वारा सुटला, होडी हलू लागली. काठाला लागले तेव्हा दुपार झाली होती आणि व्यापारी निघायच्या बेतात होता.

हा व्यापारी शहरातून यायचा. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, टेम्पो, त्यात बर्फाच्या पेट्या. त्याने भाच्याची टोपली एका बाजूला कलती केली. तळहाताएवढे कटले, तळहाताएवढे रोहू, थोडी मासळी त्याहून लहान.

"बारीक माल," तो म्हणाला. "याला भाव नाही. घ्यायचा म्हणून घेतो."

मामा पुढे आला. त्याने टोपलीतला एक कटला उचलला आणि व्यापाऱ्याच्या काट्यावर ठेवला. दीडशे ग्रॅम भरला. मग त्याने शेजाऱ्याच्या होडीतला मोठा कटला मागून घेतला आणि तोही काट्यावर ठेवला. तीन किलोच्या वर गेला.

"हा किती पावसाळ्यांचा?" मामाने व्यापाऱ्याला विचारलं.

"दोन पावसाळे खाल्लेले असतील. फार तर तीन."

"आणि हा?"

"हा गेल्या पावसाळ्यातली बोटुकली."

बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. दर पावसाळ्यात ती धरणात सोडतात आणि काठावरच्या सगळ्या घरांचं पुढचं जेवण त्यांच्यावर चालतं. मामाने दोन्ही मासे काट्यावरून काढले आणि तो घराकडे चालू लागला. भाचा टोपलीकडे बघत राहिला. टोपलीत तसल्या दीडशे-दोनशे ग्रॅमच्या बोटुकल्या भरल्या होत्या. त्याने मनात हिशोब केला. मग पुन्हा केला. घरी जाताना तो काही बोलला नाही.

त्या रात्री बारक्या घरांचं जाळं त्याने स्वतःच गुंडाळून माळ्यावर टाकलं.

मग शिकणं सुरू झालं. मामा फार बोलत नसे. तो मासा हातात द्यायचा आणि म्हणायचा, "तोंड बघ."

भाचा बघायचा. कटल्याचं डोकं मोठं आणि खालचा जबडा वर वळलेला. म्हणजे तो वरच्या पाण्यात, खालून वर तोंड करून खातो. रोहूच्या ओठांना बारीक झालर. तो मधल्या पाण्यात बांधाबांधाने, झाडाझुडपांवरचं शेवाळ कुरतडत फिरतो. मृगळाचं तोंड खाली झुकलेलं. तो तळाच्या गाळात चरतो. तिन्ही एकाच पाण्यातले, पण तिघांची जेवायची जागा वेगळी. तोंड कळलं की जागा कळते. जागा कळली की जाळं कळतं. हे कुठल्याही पुस्तकातून शिकता येईल, पण ओल्या माशाच्या ओठावरून बोट फिरवून शिकलेलं माणूस विसरत नाही.

हिवाळ्यात रोहित पक्षी आले. 1986 सालापासून हे पाणी पक्ष्यांसाठी राखलेलं अभयारण्य आहे आणि थंडीत दूरदूरचे पक्षी इथे उतरतात. मामा म्हणाला, "रोहित उभे हायेत तिथं पाणी त्यांच्या ढोपराएवढं. तिथं होडी नेऊ नको, गाळात रुतंल. पाणकावळे बुड्या मारतेत तिथं बारीक मासळी हाय. बारीक मासळी हाय तिथं मोठी जाळी लावून काय फायदा?"

उन्हाळ्यात पाणी उतरलं. काठ मागे सरकत गेला आणि खालची जमीन उघडी पडली. लोकांनी त्या ओल्या गाळात पिकं घेतली. तिकडे याला गाळपेर म्हणतात. मामाने भाच्याला गाळातून चालत नेलं. एका ठिकाणी विहिरीचं दगडी तोंड वर आलं होतं. एका ठिकाणी ओट्याच्या पायऱ्या होत्या, त्यांच्यावर शंख चिकटलेले होते. मामा एका पायरीवर थोडा वेळ बसला. हे कुणाचं घर, ते त्याने सांगितलं नाही. मग उठून तो ओढ्याची वळणं दाखवू लागला. बांध दाखवले. ज्या बाभळींनी जाळं फाडलं, ती खोडंही दाखवली. भाच्याने वाळलेल्या फांद्या रोवून खुणा केल्या. मामाने त्या उपटून टाकल्या.

"खुणा पान्यात ऱ्हात न्हाईत," तो म्हणाला. "चालून ठेव."

भाचा तो सगळा उन्हाळा चालला.

पाऊस लागला. पाणी परत चढलं. भाचा आता दुपारी अंगणात बसून नीट उत्तर द्यायला लागला होता. कधी म्हणे कटला, कधी म्हणे मृगळ. बहुतेकदा त्याचं आणि मामाचं उत्तर एकच निघे. पण आषाढ लागला तसं मामाचं उत्तर बदललं. तो रोज एकच मासा सांगू लागला. चिलापी.

चिलापी म्हणजे तिलापिया. ती इथली नव्हे, बाहेरून आणलेली. कुठल्याही पाण्यात जगते, काहीही खाते, दुसऱ्यांची अंडीही सोडत नाही. तिला भाव सगळ्यात कमी. आणि आखाड म्हणजे मासळीचा भाव सगळ्यात जास्त असण्याचा महिना. पुढे श्रावण येतो, घराघरांत मांसमच्छी बंद होते, म्हणून आखाडात जो तो खाऊन घेतो. त्यातच समुद्राची मासळी येत नाही. जूनच्या पहिल्या तारखेपासून जुलैच्या अखेरपर्यंत कोकणातल्या बोटी बंदीमुळे काठावर ओढलेल्या असतात. पापलेट नाही, सुरमई नाही. मग शहर गोड्या पाण्याकडे वळतं. अशा महिन्यात काठावरचे सगळे मोठा मासा धरत होते, आणि मामा चिलापी धरत होता.

भाच्याने विचारलं, "मामा, आखाडात चिलापी काहून?"

मामा म्हणाला, "आखाड हाय म्हणून."

भाच्याला हे उत्तर पुरलं नाही. त्याला बहिणीच्या लग्नाचं कर्ज दिसत होतं.

एके दिवशी व्यापाऱ्याने त्याला बाजूला घेतलं. "मरळ आण," तो म्हणाला. "जिवंत. आजारातून उठलेल्या माणसाला लोक मरळ खाऊ घालतात. हवी तेवढी मागणी आहे आणि माल नाही. दुप्पट देतो." आणि त्याने पाचशे रुपये इसार भाच्याच्या हातावर ठेवला.

दुपारी मामाने विचारलं, "उद्या कोणता मासा?"

"मरळ," भाचा म्हणाला.

मामाने त्याच्याकडे पाहिलं. मग उठून त्याने कोपऱ्यातून गळ काढला, दोरी तपासली आणि त्याच्या पुढे ठेवला. "मरळीला जाळं नगं," तो म्हणाला. "पानकणसाच्या काठानं जा. बारकं बेडूक लाव. माझा गुडघा दुखतोय, मी येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी भाचा एकटाच गेला. पाऊस थांबला होता. काठाच्या उथळ पाण्यात गवत बुडालं होतं, पानकणसं उभी होती. त्याने वल्हं आत घेतलं आणि वाट बघितली. मरळ पाण्यात राहते, पण तिला श्वास घ्यायला वर यावं लागतं. म्हणून ती बुडबुड्यावरून सापडते. बराच वेळ काही दिसलं नाही.

मग त्याला पाण्यावर एक लाल ठिपका दिसला. परातीएवढा. त्याने होडी हळूच जवळ नेली. पाण्यात कुंकू सांडावं तशी ती लाली पसरायची आणि पुन्हा गोळा व्हायची. ती पिल्लं होती. मरळीची पिल्लं, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, शेकड्यांनी. प्रत्येक पिल्लू वर येऊन हवेचा एक घोट घ्यायचं आणि खाली जायचं, त्यामुळे सगळं पाणी तिथे बारीक उकळत होतं. आणि त्या लालीच्या खाली हातभर खोल दोन काळ्या सावल्या उभ्या होत्या. नर आणि मादी.

भाच्याने बेडूक लावलेला गळ त्या लालीच्या कडेला टाकला. त्याला वाटलं, होडीच्या आवाजाने त्या पळतील. पळाल्या नाहीत. बेडूक पिल्लांजवळ आल्याबरोबर एक सावली उसळली आणि तिने तो पकडला. तिला भूक नव्हती. ती त्याला हाकलायला आली होती. भाच्याने दोरी ओढली. हातभर लांब मरळ होडीत पडली.

त्याने दुसरा बेडूक लावला. दुसरी सावली तिथेच होती. जोडीदार डोळ्यांदेखत गेला तरी ती हलली नव्हती. गळ पडला आणि तीही आली. अर्ध्या तासात काम झालं. इतकी सोपी शिकार त्याने वर्षभरात केली नव्हती.

त्याने दोन्ही मरळी पाण्याच्या डब्यात टाकल्या. व्यापाऱ्याने ठरल्याप्रमाणे दुप्पट दिले. भाच्याने पैसे मामीकडे दिले. मामीने ते देवापुढे ठेवले. मामाने काही विचारलं नाही. तो चिलापीचं जाळं शिवत होता.

दुसऱ्या दिवशी भाचा त्याच वाटेने गेला. कालच्या जागी त्याने होडी थांबवली. लाली नव्हती. त्याने पानकणसं बाजूला करून पाहिलं. दोन-तीन पिल्लं एका पानाखाली होती. चिलापींचा एक थवा तिथे फिरत होता. त्यातली एक वर आली, तिने तोंड उघडलं आणि पानाखालचं एक पिल्लू गेलं. वर खुंटावर पाणकावळा पंख वाळवत बसला होता. त्याने बुडी मारली आणि वर आला. भाचा बघत होता. थोड्या वेळाने पानाखाली काही उरलं नाही.

तो पुढे गेला. शंभर पावलांवर दुसरी लाली होती. खाली दोन सावल्या. त्याने गळाला बेडूक लावला. हात वर नेला. एक मरळ वर आली आणि होडीच्या अगदी जवळ थांबली. तिच्या डोक्यावरचे खवले सापासारखे मोठे होते. तिने एक घोट हवा घेतली, पण ती खाली गेली नाही. पिल्लांच्या आणि होडीच्या मध्ये ती आडवी उभी राहिली. भाच्याने हात लांब केला असता तर ती हातालाही आली असती.

तो कितीतरी वेळ तसाच बसला. मग त्याने गळाचा बेडूक सोडला, दोरी गुंडाळली आणि होडी मागे घेतली. मागे घेताना वल्हं त्याने पाण्यात खोल घातलं नाही.

काठावर व्यापारी वाट बघत होता. डबा रिकामा पाहून त्याचं तोंड उतरलं. "सापडली नाही?"

"सापडली," भाचा म्हणाला आणि त्याने पाचशे रुपये परत केले.

व्यापारी वाईट माणूस नव्हता. त्यालाही घर होतं, टेम्पोचे हप्ते होते. तो म्हणाला, "अरे, तू न्हाई धरली तर दुसरा धरील. तुझं नुकसान झालं एवढंच."

"दुसऱ्याचं मी कसं सांगू, शेठ?"

"मग उद्या काय आणणार?"

"चिलापी."

"चिलापीलाही पिल्लं असतात की. ती तर अंडी तोंडात घेऊन फिरते. तिची नाही दया येत?"

भाचा थांबला. प्रश्न खरा होता. मामा मागे येऊन उभा राहिला होता, पण तोही उत्तर देत नव्हता. भाच्याने विचार केला आणि म्हणाला, "चिलापी वर्षातून कितीदा तरी विते, शेठ. कितीही काढली तरी काठ तिनं भरलेला असतो. मरळीचं सगळं ह्या पावसावर हाय. तिच्यावर दया म्हणून मी तिला सोडत न्हाई. कार्तिकात मीच तिला धरीन. पण कोणता मासा धरायचा, ते ठरवायच्या आधी कोणता धरायचा न्हाई, ते ठरावं लागतं. मी ते उलटं करत होतो."

मामाने होडीतला गळ उचलला आणि खांद्यावर टाकला. "चल," तो म्हणाला, "जाळं लावायची येळ झाली."

त्या आखाडात दोघांनी चिलापी धरली. भाव कमी मिळाला. पण माल रोज मिळाला, एकाच मापाचा, आणि ऊन तापायच्या आत काठाला लागला. व्यापाऱ्याने तो घेतला, कारण शहराला मासळी हवीच होती. बहिणीच्या लग्नाचं कर्ज त्या महिन्यात फिटलं नाही, थोडं उतरलं. काठावरचे एक-दोघे तरुण भाच्याला विचारायला लागले की पानकणसाच्या काठाला तू का जात नाहीस. त्याने त्यांना सांगितलं नाही. त्याने त्यांना होडीत बसवलं आणि लाली दाखवली. त्यातल्या एकाने दुसऱ्या दिवशी जाऊन तिथली जोडी धरली. दुसऱ्याने धरली नाही.

श्रावण गेला, भादवा गेला. पिल्लांचा लाल रंग उतरला, ती काळपट झाली, बोटाएवढी झाली आणि एकमेकांपासून पांगली. पानकणसाच्या काठाला आता कुणी कुणाची राखण करत नव्हतं. दसरा झाला. कार्तिकात थंडी पडायला लागली तेव्हा एका दुपारी भाचा म्हणाला, "उद्या मरळ." मामीने बेडकांसाठी डबा काढून दिला.

या वेळी शिकार सोपी नव्हती. मरळी सावध होत्या. होडीची सावली पडली की पळत होत्या. भाच्याला दिवसभर पानकणसांत बसावं लागलं, चिखलाने तो माखला, दोनदा दोरी तुटली. संध्याकाळी डब्यात चार मरळी होत्या. व्यापाऱ्याने त्या तोलल्या आणि पैसे दिले. भाव आखाडातला नव्हता.

"बघ," व्यापारी म्हणाला, "तेव्हा दिल्या असत्यास तर याच्या दुप्पट मिळाले असते. पुढच्या आखाडात तरी आणशील ना?"

भाच्याने पैसे मोजून खिशात ठेवले.

"पुढच्या आखाडात चिलापी, शेठ," तो म्हणाला. "हवी तेवढी घ्या."